बिनमातीची स्ट्रॉबेरी

आजही तेच. राघवेंद्रनं पान उचललं तर खाली पुन्हा कुबड आलेलं फळ. एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं आवळलेलं. सकाळपासूनचं हे एकोणिसावं. आणि पुण्याचे साहेब दुपारच्या गाडीनं येडशीला उतरणार होते.

शेतीशाळेच्या मागं या मास्तरानं काचघर उभारलं तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं होतं. माती नाही, शेणखत नाही. पत्र्याच्या पन्हळीत धुतलेली खडी आणि तिच्यातून दिवसातून तीनदा सोडायचं क्षारांचं पाणी. त्यात लावायची काय, तर स्ट्रॉबेरी! कीड, माशी, काहीच आत येऊ नये म्हणून त्यानं झरोक्यांनाही मलमल ठोकली होती.

पहिल्या वर्षी सगळी फळं अशीच वेडीवाकडी निघाली. यंदा दिवाळीत त्यानं पाण्यातला चुना वाढवला आणि महिन्याभरात फळं भरदार, टोकदार, लालचुटूक यायला लागली. मास्तर हरखून गेला. त्यानं पुण्याला ऐटीत पत्र धाडलं. फळ पसंत पडलं तर अशी दहा काचघरं, नाहीतर हेही मोडायचं, असं उत्तर आलं.

आणि आता हे. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. आठ दिवसांत त्यानं चुना वाढवला, कमी केला, पाण्याची विहीरसुद्धा बदलली. फळ काही सरळ होईना. मग त्याला एकाएकी सकिनाबी आठवली.

सकिनाबी दिवाळीपासून काचा पुसायला यायची. भारी टापटिपीची बाई. घरच्या कोंबड्यांच्या पिसांची जुडी बांधून आणायची आणि कोपरान् कोपरा झाडून काढायची. संक्रांतीला त्यातल्याच पिसांनी पाण्याची नळी तुंबली आणि मास्तराचं डोकं फिरलं.

"उद्यापासून येऊ नका."

"सायब, मी नुसती धूळ झटकते. झाडावर धूळ बसली की मला बघवत न्हाय."

"झाडांना तर हातच लावायचा नाही."

तिनं जुडी पदरात गुंडाळली आणि निघून गेली. जाताना रागाच्या भरात तिनं क्षारांच्या पाण्याच्या पिंपात काहीतरी टाकलं असणार, असं आता त्याच्या मनानं घेतलं. नाहीतर ती गेल्यावर महिन्याभरातच फळ कसं बिघडलं?

दुपारी पुण्याचे साहेब, अण्णाराव, आले. कमी बोलणारा, सगळं निरखून बघणारा अधिकारी. त्यांनी वाकडं फळ हातात घेतलं.

"पत्रात तर वेगळंच लिहिलं होतं."

"घात झाला, साहेब," राघवेंद्र घाईघाईनं म्हणाला. "झाडलोटीला एक बाई होती. कामावरून काढलं, तिनं सूड उगवला. पाणीच नासवलं."

अण्णारावांनी पिंपातलं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं, ओतून दिलं. मग मलमल ठोकलेल्या झरोक्यांकडे बराच वेळ बघत राहिले. खाली वाकून त्यांनी खडीत अडकलेलं एक लहानसं पीस उचललं. त्याचं टोक परागानं पिवळं झालं होतं. ते त्यांनी एका फुलावरून अलगद फिरवलं, मग शेजारच्या फुलावरून.

"पाणी चांगलं आहे, मास्तर. पण फुलाला सगळीकडून पराग लागल्याशिवाय फळ सरळ येत नाही, आणि इथं मधमाशी यायची कुठून? दहा काचघरं मंजूर करतो, पण रोज फुलांवरून हे पीस फिरवणारं माणूस आधी मला दाखवा."