शीर सापडेना

नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांच्या डोळ्यांत सुई टोचायला शिकवणाऱ्या मॅडम पहिल्यापासून खुपायच्या. बाई तोंडाने फटकळ. सरावाच्या रबरी हातावर सुई चुकली की भर वर्गात मुलींची बिनपाण्याने करायच्या आणि शीर अचूक सापडेपर्यंत कुणालाही घरी सोडायच्या नाहीत.

वर्षअखेरीस विद्यार्थ्यांचा फीडबॅक आला आणि प्राचार्यांना आयतंच निमित्त मिळालं.

"सगळा वर्ग म्हणतोय, तुम्ही फार ओरडता. आजकाल मुलींना दुखवून चालत नाही, मॅडम."

"मुलगी दुखावली तर दोन दिवस रुसेल, सर. पेशंट दुखावला तर?"

"त्याची काळजी दुसरे घेतील. तुम्ही निघा."

त्यांच्या जागी एक हसतमुख सर आले. पुढच्या फीडबॅकमध्ये त्यांना पैकीच्या पैकी मिळाले, आणि प्राचार्यांनी ते भर सभेत मिरवलं.

मग एक दिवस प्राचार्यांनाच जिन्यात घेरी आली. कॉलेजच्याच हॉस्पिटलमध्ये त्यांना निजवलं आणि सलाइन लावायला शेवटच्या वर्षाची मुलगी आली. डावा हात टोचून झाला, उजवा टोचून झाला, चादरीवर रक्ताचे डाग पडले, तरी शीर काही सापडेना.

"अगं, हात आहे की टाचण्यांची उशी?" प्राचार्य कळवळून ओरडले. "कुणी शिकवलं तुला हे?"

मुलीने सुई उपसली आणि थंडपणे त्यांच्याकडे पाहिलं.


"ओरडायचं नाही हं, सर. ओरडणाऱ्यांना आम्ही कॉलेजात ठेवत नाही."