पुढच्या वेळी घरीच ये

"इथून सगळं दिसतं," महाराणी म्हणाली आणि पुलाच्या कठड्यावर कोपर टेकून तिने नदीपलीकडे बोट केलं. "तो घुमट, तो मनोरा, आणि त्या उंच इमारतींच्या मागे आमचं घर."

चिमणीने टाचा उंचावून पाहिलं. घुमट दिसला, मनोरा दिसला. घर काही दिसलं नाही, आणि तिला नेमकं तेच पाहायचं होतं.

शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. एकीला तिच्या तोऱ्यामुळे महाराणी म्हणत, दुसरीला अंगकाठीमुळे चिमणी. पन्नाशी उलटली तरी ती नावं काही सुटली नाहीत. लग्न होऊन महाराणी या शहरात आली आणि तिची पाचही बोटं तुपात पडली. फोनवर तरी ती तसंच सांगायची, तीन खोल्यांचं घर आहे म्हणायची. नवरा गेल्यावर चिमणी भावाकडे राहून ब्लाउज शिवत होती. आता भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि खोली हवी होती. वहिनी तोंडाने एक शब्द बोलली नाही, तिने फक्त शिलाई मशीन जिन्याखाली नेऊन ठेवलं. चिमणी काय ते समजली. पहाटेच्या बसने ती निघाली, मोठी बॅग बसस्थानकावर सांभाळायला दिली, आणि सहज शहर पाहायला आल्यासारखी मैत्रिणीसमोर उभी राहिली. मला ठेवून घे, एवढंच म्हणायचं होतं. पण मागणाऱ्याची जीभ जड असते.

महाराणीच्या पायाला मात्र भिंगरी लागली होती. सकाळी नऊच्या सुमाराला ती स्थानकावर आली आणि तिथूनच तिने चालायला सुरुवात केली. शहर तिला तोंडपाठ होतं. कोणत्या बागेतलं पाणी चांगलं, संग्रहालय कोणत्या वारी फुकट, कोणत्या मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर गार हवेत तासभर बसलं तरी कुणी उठवत नाही, सगळं तिला माहीत. संग्रहालयाचा पहारेकरी तर तिला पाहून ओळखीचं हसला. इतकं हिंडायची सवड चिमणीला जन्मात मिळाली नव्हती. हिच्या घरी कामाला बाया असणार, दुसरं काय, असं तिने ठरवून टाकलं आणि तिला हेवा वाटला.

दुपारी बागेत चिमणीने डबा उघडला. बाहेरचं खाऊन विटले गं, म्हणत महाराणीने तो चाटूनपुसून संपवला. ती अशी निवलेली पाहून चिमणीला धीर आला.

"मी थोडे दिवस तुझ्याकडे राहिले तर चालेल?"

महाराणीने डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"घरात रंगकाम काढलंय गं. पाय ठेवायला जागा नाही."

"अगं, मी आपलं सहज म्हटलं. दादा कुठला राहू देतोय. आजच परत ये म्हणालाय."

यावर दोघी हसल्या.

त्यानंतर महाराणीने काय काय दाखवलं ते चिमणीला धड दिसलंच नाही. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. हिची गणितं कोणी सोडवली? हिच्या लग्नात रात्र रात्र जागून हिचे ब्लाउज कोणी शिवले? आणि आता तीन खोल्यांच्या घरात एक चटई टाकायला जागा नाही. रंगकाम म्हणे. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगाच नाही.

ऊन उतरलं तशी महाराणीची चुळबुळ सुरू झाली. सातच्या आत घरी पोचायलाच हवं, यांना चालत नाही, असं म्हणत तिने चिमणीला स्थानकावर आणून सोडलं. बस सुटेपर्यंतसुद्धा ती थांबली नाही. चिमणीचा हात तिने घट्ट दाबला.

"पुढच्या वेळी घरीच ये," म्हणाली आणि गर्दीत शिरली.

"मेले तरी तुझी पायरी चढणार नाही," चिमणी तिच्या पाठीकडे बघत पुटपुटली.

बस चिमणीला न घेताच गेली. ती जाणार तरी कुठे? तिने बॅग सोडवून घेतली आणि तिकीटखिडकीतल्या बाईला विचारलं, एकट्या बाईला रात्र काढायला जागा कुठे मिळेल? बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रुग्णालयामागचा निराधार महिलांचा निवारा सांगितला. निराधार हा शब्द चिमणीला चटकन लागला. तरी ती विचारत विचारत गेली.

निवाऱ्याचं दार नुकतंच बंद झालं होतं. कडी वाजवल्यावर व्यवस्थापक बाईंनी उघडलं आणि उभ्याउभ्याच नियम सांगितले. सकाळी सगळ्यांनी बाहेर पडायचं. दिवस कुठे काढायचा ते ज्याचं त्याने बघायचं. संध्याकाळी दार लागायच्या आत परत यायचं. चिमणीने तीन पायऱ्या चढून बॅग आत घेतली आणि मान हलवली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"रडू नका. आमच्याकडे एक ताई आहेत, फार जुन्या. त्या तुम्हाला सगळं नीट दाखवतील," असं म्हणून बाईंनी आत हाक मारली.

"आले, आले," म्हणत, ओले हात पदराला पुसत महाराणी बाहेर आली.