भवानीचं मडकं

संस्थान विलीन झालं आणि राजवाड्यावर मडकी पोचवायचं गोदा कुंभारणीचं काम बंद पडलं. मग तिने जव्हारच्या बाजारात स्वतःचं दुकान मांडलं. दुकान कसलं, जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि नवऱ्याच्या हातची मडकी रचली. माल वाजवून दाखवायचा, ही त्याचीच शिकवण. येणाऱ्याजाणाऱ्याला ती टिचकी मारून मडकं ऐकवत राहिली. दुपार कलली तरी भवानी होईना.

अखेर पलीकडच्या पाड्यावरचा देवराम आला आणि हाताला लागलं ते मडकं त्याने उचललं.

"अहो भाऊ, वाजवून तरी बघा. असा पक्का माल राजवाड्याशिवाय कुठं जात नव्हता."

"नको बाय," देवराम खाली बघत म्हणाला. "बायको गेली. पाणी भरून खांद्यावर न्यायचं नि फोडायचं. त्याला काय वाजवायचं?"

गोदाने ते मडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. ढिगाच्या तळाशी चुकून आलेलं एक बाहेर ओढलं आणि टिचकी मारली. ते बद्द वाजलं. तिने ते पदराने पुसून त्याच्या हातात दिलं.

"हे न्या. कच्चं भाजलंय, लगेच फुटेल. मागच्या महिन्यात आमच्या धन्याला नेलं, तेव्हा मी सवयीने वाजवून पक्कं बघून दिलं. त्यांच्याच हातचं. दीर आपटतोय, आपटतोय, फुटता फुटेना."