उघडी गॅलरी

चंद्रपुरात पारा बावन्नवर होता. इमारतीची मॉडेल फाइल, म्हणजे संगणकावरचा नकाशा, चढवली की सॉफ्टवेअर हिशेब करून खोलीखोलीत गारवा सोडायचं. शर्वरीनं आज ऑफिसातून स्वतःच्याच इमारतीची नवी फाइल चढवली आणि थोड्याच वेळात सासूबाईंचा फोन आला.

"अगं, माझ्या खोलीतला गारवा बंद झाला."

"आई, हॉलमध्ये जाऊन बसा."

"उठवत नाही गं."

शर्वरीनं फाइलमध्ये आईंची खोली शोधली. ती खोली म्हणजे भिंत घालून बंद केलेली गॅलरी. बेकायदा बांधकामाची नोटीस येऊ नये म्हणून तिनंच ती फाइलमध्ये उघडी दाखवली होती. सॉफ्टवेअरच्या लेखी आई बाहेर उन्हात होत्या.

तिनं घाईघाईनं भिंत आखून फाइल पुन्हा चढवली. सॉफ्टवेअरनं विचारलं, खोलीत माणसं किती?

तिनं घरी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला.

शर्वरीनं 'एक' लिहिलं.