काळज्यांचा चार्ज

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी मास्तरांना बजावलं, "रोज चालायचं आणि काळजी म्हणून करायची नाही." जन्मभर स्टेशनमास्तरकी केलेला माणूस तो. घरी येताच त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि आपल्या काळज्यांचा रीतसर चार्ज देऊन टाकला. गळक्या टाकीची काळजी मुलाकडे, नातवाच्या गणिताची सुनेकडे. बायको काही न घेताच उठली. "एकदा दिलेला चार्ज परत घेतला जाणार नाही," मास्तरांनी ठणकावलं.

आठच दिवसांत त्यांची छाती पुन्हा धडधडायला लागली. टाकी धो धो गळत होती आणि मुलगा खुशाल पेपरातलं कोडं सोडवत बसला होता. नातू नापास झाला तरी सून गाणं गुणगुणत होती.

"अरे, जरा मन लावून काळजी करा की! माझं नाव घालवाल!" मास्तर कडाडले आणि बायकोच्याही नावानं बोटं मोडत तरातरा फिरायला निघाले.

वळणावर दम लागला म्हणून थांबले, तर मागून बायको धापा टाकत येत होती. काखेत घडीची खुर्ची.

"रोजच येते," ती म्हणाली. "तुम्ही मागे वळून बघता कुठे? मध्येच बसावंसं वाटलं तर?"

मास्तरांनी खुर्ची उघडली आणि तिलाच बसवलं. "ही काळजी तुला कोणी दिली?"

"तुम्हीच. झटका आला त्या दिवशी."

"ती तेवढी परत दे."

"अहो, नियम तुमचाच आहे," ती घाम पुसत म्हणाली. "चला, अजून अर्धं चालायचंय."