राणीची खिडकी

उघड्या खिडकीशी उभी असलेली ती राणी दुकानात मीच पसंत केली होती. तसबीर हॉलमध्ये टांगून झाल्यावर फ्रेमवाला म्हणाला, "तैलरंग आहेत. ऊन आणि दमट हवा लागू देऊ नका." ह्यांनी त्याच दिवशी सगळ्या खिडक्या बंद करून जाड पडदे लावले. वर मला बजावलं, "घर सोडून कुठे जाऊ नकोस." नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी ऐकलं. आता दुसरं वर्ष लागलंय.

काल ताईचा फोन आला. "तुमच्याकडे पाऊस आहे का गं?"

मी सवयीने राणीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. "छे, लख्ख ऊन पडलंय."

तेवढ्यात हे निथळती छत्री घेऊन आत आले. म्हणाले, "आधी दार लाव."