अदितीची मांडी

सासूबाईंनी आणून दिलेलं दूध सुनेनं आधी हुंगलं आणि मग हळूच मोरीत ओतलं. दुधात काही नव्हतं. पण तपासणीत पोटातल्या बाळाचा एक पाय गुडघ्याखाली वाढलेलाच नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या दिवसापासून सासूबाईंचा आवाज साखरेत घोळला होता. एरवी ज्या बाईच्या तोंडून 'बस जरा' निघायचं नाही, ती आता पाठीला उशा लावत होती. मनात पाल चुकचुकणारच.

त्यात काल स्वयंपाकघरातली कुजबुज कानावर आली. "तिला एवढ्यात काही सांगू नकोस," सासूबाई तिच्या नवऱ्याला बजावत होत्या. तो काय, आईचा नंदीबैल. हलवली मान. म्हणजे हे दोघं ठरवून मोकळे होणार आणि आपण मुकाट गर्भ पाडायला दवाखान्यात जायचं.

सासूबाई मूर्तिकार. मागच्या खोलीत एका सभागृहासाठी अदितीची मूर्ती चालली होती, देवांची आई आणि तिच्या मांडीवर दाटीवाटीनं सात मुलं. "सातच?" सुनेनं मागे सहज विचारलं होतं.

"होते आठ. आठवा अर्धवट जन्मला, म्हणून आईनं टाकला," माती मळता मळता सासूबाई म्हणाल्या होत्या, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशा. तेव्हा तिनं ते कानाआड केलं. आता तेच वाक्य डोक्यातून हलेना. आणि त्या खोलीला कुलूपही तपासणीनंतरच लागायला लागलं होतं.

आज दार उघडं होतं. ती सरळ आत शिरली. सासूबाई बादलीत हात धूत होत्या.

"आई, तुमच्या मनात काय आहे ते तोंडावर सांगा. हे मूल मी टाकणार नाही."

सासूबाईंनी हात पुसले आणि मूर्तीवरचं ओलं फडकं ओढलं. सातही मुलं मांडीवरून उतरून आईच्या आजूबाजूला उभी होती. मांडीवर एकच बाळ होतं. त्याचा एक पाय गुडघ्यापाशी संपत होता, आणि अदितीनं तोच गुडघा तळहातात धरला होता.

"पूर्ण झाल्यावर दाखवणार होते," सासूबाई पुटपुटल्या.

सुनेला हुंदका आवरेना. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "पण या सातांना का हो उठवलंत?"

"त्यांना पाय आहेत. राहतील उभे."